हापसा आटण्याआधी पाणी मोजून ठेवा

मागच्या उन्हाळ्यात आम्ही नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर-बिलोली भागातील एका वस्तीवर आरोग्य तपासणीसाठी गेलो होतो. विहाराच्या ओसरीत टेबल मांडले होते. रक्तदाब मोजून घ्यायला बसलेल्या एका मावशींनी हात पुढे केला आणि विचारले, "बीपीचं बघा निवांत. आधी हे सांगा, माळावर खदान सुरू झाली तर आमच्या हापशाला पाणी राहील का?"

रांगेतल्या सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. गावाच्या वरच्या अंगाला, माळावर, ग्रॅनाइटची खाण प्रस्तावित आहे. त्याबद्दल ग्रामपंचायतीत एक बैठक झाली होती. खाणवाल्यांचा माणूस म्हणाला होता, "हा घट्ट दगड आहे. दगडात पाणी नसतं. मग पाणी जाईल कुठून?" त्याने आजूबाजूच्या विहिरींची यादीही वाचून दाखवली. यादीत गावातल्या विहिरी होत्या, मळ्यातल्या होत्या. वस्तीचा हापसा नव्हता.

त्या दिवशी मावशींना आम्ही पुरते उत्तर देऊ शकलो नाही. परत आल्यावर या विषयाची माहिती घेतली, जाणकारांशी बोललो, आमच्यात चर्चा केली. हा लेख त्या चर्चेतून तयार झाला आहे. फक्त त्या एका वस्तीसाठी तो नाही. ज्या ज्या वस्तीच्या वर दगडखाण येणार आहे, मग ती ग्रॅनाइटची असो की खडी क्रशरची, त्या सगळ्यांसाठी आहे.

आमचे मत आधीच सांगतो. आम्ही दगडाच्या विरोधात नाही. आपल्या विहाराची फरशी दगडाची आहे, बाबासाहेबांच्या पुतळ्याचा चौथराही अनेक ठिकाणी ग्रॅनाइटनेच मढवलेला आहे. पण वस्तीचे पाणी मोजल्याशिवाय, आणि ते आटले तर कोण काय भरून देणार हे लिहून घेतल्याशिवाय, पहिला सुरुंग उडू देऊ नये. तोंडी हमीने हंडा भरत नाही.

दगडात पाणी नसते का?

खाणवाल्यांचे वाक्य अर्धे खरे आहे. आपल्या महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. पण नांदेडच्या तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यात, तसेच चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या काही भागांत त्याहून जुना ग्रॅनाइटसारखा खडक वर येतो. हा खडक आतून घट्ट असतो. अखंड ग्रॅनाइटच्या पोटात पाणी मुरायला जागा जवळजवळ नसतेच.

मग आपल्या विहिरींना पाणी येते कुठून? दोन ठिकाणांहून. एक म्हणजे वरचा मुरूम. हजारो वर्षे ऊन-पाऊस खाऊन खडकाचा वरचा थर कुजतो, भुसभुशीत होतो. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि तिथेच साठून राहते. हा मुरूम म्हणजे गावाचा रांजण. दुसरे ठिकाण म्हणजे मुरुमाखालच्या खडकातल्या भेगा. रांजणातले पाणी या भेगांतून हळूहळू खाली आणि उताराकडे सरकते. बोअर घेताना एखाद्याला पाणी लागते आणि दहा पावलांवर दुसऱ्याचे बोअर कोरडे जाते, याचे कारण हेच. एकाला भेग सापडली, दुसऱ्याला सापडली नाही.

आता खाणीचे काम पाहा. ग्रॅनाइटचे चांगले ठोकळे खाली, अखंड खडकात मिळतात. तिथे पोचायचे तर आधी वरची माती आणि मुरूम खरवडून काढावा लागतो. म्हणजे सुरुवातच रांजण फोडून होते. मग खड्डा खोल जातो. वाटेत भेगा कापल्या जातात. जी भेग आपल्या आडाकडे पाणी नेत होती, ती आता खड्ड्यात उघडी पडते आणि पाणी खड्ड्यात झिरपते. काम चालू ठेवायचे म्हणून ते पाणी मोटारीने उपसून नाल्यात सोडतात. जितके उपसावे तितके आजूबाजूचे पाणी खड्ड्याकडे ओढले जाते. एका मोठ्या बोअरने शेजारची विहीर ओढावी, तसाच हा प्रकार. फक्त हे बोअर एक-दोन एकरांचे, किंवा त्याहूनही मोठे असते.

म्हणून "दगडात पाणी नसते" या वाक्याला आपले उत्तर असे असावे: बरोबर आहे साहेब, पाणी दगडात नसते, ते मुरुमात आणि भेगांत असते, आणि तुम्ही नेमके तेच खोदणार आहात.

प्रत्येक खाण पाणी पळवते का?

नाही. इथेही आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. खड्डा भूजलाच्या पातळीच्या वरच थांबला तर परिणाम थोडा होतो. भेगांची दिशा आपल्या विहिरीकडे नसेल तर कदाचित होतही नाही. उलट खाण नसतानाही विहिरी आटतात. पाऊस कमी पडतो, उसाला रात्रंदिवस पाणी चालते, शेजारी शेजारी बोअर पाडली जातात. विहीर आटली की खाणवाले याच कारणांकडे बोट दाखवतात, आणि काही वेळा ते खरेही असते.

पण याचा अर्थ काय होतो? याचा अर्थ असा की कारण नेमके कोणते, हे नुसत्या बोलण्याने कधीच ठरणार नाही. आधी पाणी किती होते हे ज्याने लिहून ठेवले असेल, त्याचेच म्हणणे टिकेल. खाणवाल्यांकडे भूवैज्ञानिकाचा अहवाल असतो. आपल्याकडे "पहिलं लई पाणी होतं" एवढेच वाक्य असते. अधिकाऱ्यासमोर आणि कोर्टासमोर हे वाक्य फार वेळ उभे राहत नाही. आपण तिथेच हरतो.

पाणी कमी झाले की आजार कसे येतात

आरोग्याच्या पानावर खाणीचा विषय का, असे काहींना वाटेल. घरात पाणी कमी झाले की त्याचा पहिला फटका शरीराला बसतो, म्हणून.

जल जीवन मिशनमध्ये दर माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे अठरा हंडे. हापसा अर्ध्यावर आला तर घरात नऊ हंडे येतात. त्या नऊ हंड्यांत स्वयंपाक होतो, पिणे होते, आणि कात्री लागते ती हात धुण्याला, आंघोळीला, संडासला. हात नीट धुतले नाहीत की लेकरांना जुलाब लागतात. आंघोळ चुकली की खरूज घरभर पसरते. बाया पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात आणि जळजळ सुरू होते. पाळीच्या दिवसांत स्वच्छतेला पाणी नसले की त्रास वाढतो. भरलेला हंडा पंधरा किलोच्या पुढे जातो. गरोदर बाई तो डोक्यावर घेऊन मळ्यातल्या विहिरीवरून येते तेव्हा तिच्या कंबरेचे काय होते, ते आमच्यापेक्षा आपल्या वस्तीतल्या आशाताई चांगले सांगतील. आणि शाळा बुडवून पाण्याला कोण जाते? बहुतेक घरांत पोरगीच.

दुसरी गोष्ट फ्लोराइडची. वरचे पाणी आटले की लोक खोल बोअर पाडतात. ग्रॅनाइटच्या खोल भेगांतले पाणी खडकाशी फार काळ लागून असते आणि खडकातले फ्लोराइड त्यात उतरते. हे खाण तयार करत नाही, ते निसर्गातच असते. पण खाणीमुळे वरचे पाणी गेले तर आपल्याला त्या खोल पाण्याकडे जावे लागते. शेजारच्या तेलंगणातला नलगोंडा जिल्हा याच दुखण्यासाठी देशभर ओळखला जातो. आपल्याकडे नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतही फ्लोराइडची गावे आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असलेले पाणी लहानपणी वर्षानुवर्षे पोटात गेले की पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. प्रमाण बरेच जास्त असेल तर पुढे पाठ आणि गुडघे आखडतात, हाडे वाकतात. हाडांना झालेली ही इजा औषधाने परत फिरत नाही.

तिसरी गोष्ट नायट्रेटची. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असते. जे नीट पेटत नाही ते पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत उतरू शकते. उकिरडा, संडासचे शोषखड्डे आणि रासायनिक खत यांतूनही नायट्रेट येतेच, म्हणून आधीची तपासणी महत्त्वाची. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून दिले तर तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू घटून बाळ निळे पडू शकते.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण घरोघरी हा गैरसमज आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटते आणि त्यांचे प्रमाण वाढते. तुरटी फिरवून पाणी नितळ दिसते, तेवढ्याने ते पिण्यालायक झाले असे समजू नये. फ्लोराइड काढण्यासाठी तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ठरावीक प्रमाणात वापरायची "नलगोंडा पद्धत" नागपूरच्या नीरी संस्थेने बसवली आहे. पण ती पाण्याची तपासणी करून, जाणकाराच्या देखरेखीखाली वापरायची असते. घरच्या अंदाजाने नाही.

हापसा यादीत का नव्हता?

त्या यादीत वस्तीचा हापसा कुणी मुद्दाम गाळला, असे आम्ही म्हणत नाही. सर्वे करणारा गावात येतो, ग्रामपंचायतीत बसतो, तिथे जे दाखवतात ते पाहतो आणि जातो. वस्तीपर्यंत कुणी आणत नाही आणि तोही येत नाही. जुनीच पद्धत आहे ही. वस्ती गावाच्या एका टोकाला, बहुतेक वेळा उताराला. पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनचे शेवटचे टोक तिथे. नाला तिथून वाहतो. म्हणजे वरून जे काही येईल, गाळ येवो की दगड कापण्याच्या यंत्राखालचा पांढरा रेंदा येवो, ते आधी आपल्याकडे येणार. आणि पाणी कमी झाले की आधी आपल्याकडचे जाणार. ज्याला सर्वांत आधी झळ बसणार, त्याचेच पाणी मोजायचे राहून गेले.

पाण्याच्या हक्काचा कागद म्हणजे काय, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरी पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. सत्याग्रहाचा तो दिवस आपण सगळे पाळतो. पण त्यानंतर दहा वर्षे चाललेला दावा आपण फारसा आठवत नाही. तळे कुणाचे, वहिवाट काय, पुरावा कोणता, हे सगळे कोर्टात मांडावे लागले. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. ओंजळ एका दिवसात उचलली. कागद जिंकायला दहा वर्षे लागली. आपण दोन्ही शिकायला हवे.

पौर्णिमेला पाणी मोजायचे

मोजायला पैसा लागत नाही. शिस्त लागते. आम्ही सुचवतो ते असे.

दर पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. त्याच दिवशी सकाळी, पाणी भरायला सुरुवात होण्याआधी, वस्तीच्या प्रत्येक स्रोताचे पाणी मोजावे. आड किंवा विहीर असेल तर दोरीला दगड बांधून सोडावा. काठावर एक कायमची खूण करून ठेवावी आणि तिथपासून पाण्याच्या पातळीपर्यंत दोरी किती फूट जाते ते टेपने मोजावे. हापशात दोरी सोडता येत नाही. तिथे एकाच मापाचा हंडा किती हापशांत आणि किती मिनिटांत भरतो ते मोजावे. दर वेळी हंडा तोच, माणूस शक्यतो तोच. पाणी गढूळ आहे का, वास येतो का, हेही लिहावे.

हे सगळे एका वहीत. तारीख, वेळ, आकडा, खाली दोघांच्या सह्या, त्यांत एक बाई असावी. पानाचा मोबाइलवर फोटो. संध्याकाळी वंदनेनंतर आकडे सगळ्यांसमोर वाचायचे. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींकडे वही द्या, ती हे काम आपल्यापेक्षा नीट करतील. दर तीन महिन्यांनी वहीच्या पानांची प्रत ग्रामपंचायतीत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पोचेचा शिक्का हाच उद्याचा साक्षीदार.

असे बारा महिने झाले की उन्हाळा आणि पावसाळा दोन्हींचे आकडे हातात येतात. पुढे खाण सुरू झाली आणि मागच्या मे महिन्यात चाळीस हापशांत भरणारा हंडा या मे महिन्यात नव्वद हापशांत भरू लागला, तर निदान बोलायला आधार राहील. शेजारच्या, खाणीपासून लांब असलेल्या एखाद्या वस्तीनेही अशीच वही ठेवली तर फारच चांगले. दोन्हीकडे पाणी सारखेच उतरले असेल तर कारण पाऊस असू शकतो. फक्त आपल्याकडेच उतरले असेल तर बोट खाणीकडे जाते.

पाण्याची रासायनिक तपासणीही खाणीच्या आधी एकदा, आणि सुरू झाल्यावर दर सहा महिन्यांनी करून घ्यावी. फ्लोराइड, नायट्रेट, क्षार, लोह, गढूळपणा आणि जंतू हे सगळे तपासायला सांगावे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने घेतो. जिल्ह्याला आणि उपविभागाला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण द्यायचे आहे. त्या पाचांत वस्तीतली एक तरी आहे का, ते विचारा. नसेल तर नाव द्या.

काय मागायचे, कुठे मागायचे

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात सांगितले की, पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिजाच्या खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागेल. म्हणजे "खाण लहान आहे, मंजुरी लागत नाही" हे उत्तर चालत नाही. लहान एकट्या खाणीला जनसुनावणी सहसा लागत नाही. पण ५०० मीटरच्या आत दुसऱ्या खाणी असतील तर सगळ्यांचे क्षेत्र एकत्र धरले जाते. म्हणून एकाच माळाचे तुकडे करून अर्ज आले आहेत का, ते तहसील आणि जिल्हा खनिकर्म कार्यालयात माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत.

जनसुनावणी ठरली तर तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. सुनावणीत बोललेले लिहून घेतले जाते आणि शेवटी वाचून दाखवले जाते. आपले म्हणणे त्यात आले की नाही, ते ऐकल्याशिवाय उठू नये. सुनावणी नसली तरी ग्रामसभा आहेच. तिथे आपल्या मागण्या लेखी द्याव्यात:

१. वस्तीचा प्रत्येक आड, हापसा, बोअर यादीत आणि नकाशावर घ्यावा.

२. खड्डा किती खोल जाणार आणि उन्हाळ्यात-पावसाळ्यात भूजल किती खोलीवर असते, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून द्यावेत. खाण भूजलाला छेदणार असेल तर त्यासाठी वेगळी परवानगी आणि पातळी मोजायच्या नळ्या लागतात, असे केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या नळ्यांपैकी एक वस्तीच्या बाजूला हवी.

३. दगड कापायला आणि धूळ दाबायला लागणारे पाणी कुठून आणणार? गावाच्या स्रोतातून नको. खड्ड्यात साठलेले पावसाचे पाणी वापरावे आणि वापरलेले पाणी गाळ खाली बसवून पुन्हा वापरावे.

४. टाकाऊ दगडाचे ढीग आणि रेंदा नाल्यात पडणार नाही, याची भिंत आधी बांधावी, मग काम सुरू करावे.

५. पाणी ठरावीक आकड्याखाली गेले तर उपसा त्याच दिवशी थांबेल आणि वस्तीला पाणी पोचवले जाईल, हे करारात असावे. तो आकडा आपल्या वहीतून ठरेल.

६. काम संपल्यावर खड्ड्याला कुंपण. पाण्याने भरलेल्या जुन्या खदानीत पोहायला गेलेली किती मुले बुडतात, ते आपण दर उन्हाळ्यात पेपरात वाचतो.

मंजुरी मिळाली आणि ती चुकीची वाटली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील खंडपीठाकडे तीस दिवसांत अपील करता येते. कारण पटले तर आणखी साठ दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. १९९६ च्या वेल्लोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व मान्य केले, आणि आपल्या कामाने पर्यावरणाची हानी होत नाही हे दाखवण्याची जबाबदारी ते काम करणाऱ्यावर टाकली. हे वाक्य ग्रामसभेत मोठ्याने सांगण्यासारखे आहे.

मजुरीचे काय?

तपासणीच्या त्याच रांगेत एक तरुण होता. तो चिडून म्हणाला, "मावशी, तुमचा हापसा खरा, पण मला कामाला हैदराबादला जावं लागतंय. खदान झाली तर गावातच मजुरी मिळंल." त्याचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. बापाला म्हातारपणी सोडून परगावी राबायला जाणे कुणाला आवडते? ज्याला मजुरी हवी तो वस्तीचा वैरी नव्हे.

पण त्या तरुणालाही दोन गोष्टी विचारायला हव्यात. आजच्या ग्रॅनाइट खाणीत हिऱ्याच्या तारेची करवत, ड्रिल, क्रेन अशी यंत्रे असतात. ती चालवणारी शिकलेली माणसे अनेकदा बाहेरून येतात. गावातल्या माणसाच्या वाट्याला धूळ आणि हमाली येते. म्हणून "स्थानिकांना काम" एवढे ऐकून थांबू नये. किती जणांना, कोणते, किती वर्षे, भविष्यनिर्वाह निधी आणि विम्यासह का, हे लिहून मागावे.

दुसरी गोष्ट धुळीची. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचा मोठा हिस्सा असतो. कोरड्या ड्रिलने उडणारी तिची बारीक धूळ फुप्फुसात साचते आणि काही वर्षांनी सिलिकोसिस होतो. दम लागतो, खोकला जात नाही, आणि क्षयरोगाचा धोका कितीतरी वाढतो. या आजारावर पूर्ण बरे करणारे औषध नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. पाणी मारून ड्रिल करणे हाच मुख्य उपाय, आणि म्हणूनच खाणीला पाणी लागते. इथे पाणी आणि मजुरी हे दोन प्रश्न एक होतात. मजुराच्या फुप्फुसासाठी पाणी मारलेच पाहिजे, पण ते वस्तीच्या हापशातून ओढून नव्हे. मजूर आणि पाणी भरणारी बाई यांनी ही मागणी एकत्र करावी. कामावर जायच्या आधी छातीचा एक्स-रे काढून घ्यावा आणि स्वतःजवळ ठेवावा. तीही एक मोजणीच आहे.

आणखी एक नाजूक विषय. अशा वेळी कुणीतरी येते आणि म्हणते, विहाराला कंपाउंड बांधून देतो, जयंतीला वर्गणी देतो. दान घ्यावे की नाही हे वस्तीने ठरवावे. आमचे म्हणणे एवढेच की पाण्याचा लेखी करार होईपर्यंत विहाराच्या नावाने एक वीटही घेऊ नये. घेतलेल्या विटेखाली तोंड दाबले जाते. आणि विकासासाठी पैसा हवाच असेल तर तो हक्काचा आहे. २०१५ च्या कायदा-दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान निघाले. खाणपट्टेधारकांकडून त्यात रक्कम जमा होते, आणि पिण्याचे पाणी व आरोग्य ही तिच्या खर्चाची प्राधान्याची कामे आहेत. ज्या वस्तीजवळ खाण आहे तिने या निधीतून नळयोजना मागावी. तो निधी मागताना कुणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत.

पाच जणांची समिती

"बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग सांगितला आहे. शाक्य आणि कोलीय पाण्यावरून युद्धाला निघाले. सिद्धार्थाने सुचवले की दोघांनी आपापली दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि या पाचांनी चौकशी करून तंटा मिटवावा. त्याचे ऐकले नाही, आणि त्याने युद्धाला साथ देण्यापेक्षा घर सोडणे पत्करले.

हा मार्ग आजही वापरण्याजोगा आहे. वस्तीचे दोघे, त्यांत एक बाई. गावातल्या विहीरवाल्यांचे दोघे. आणि पाचवा भूजल यंत्रणेचा भूवैज्ञानिक. या पाचांनी दर तीन महिन्यांनी वही आणि खाणीचा खड्डा दोन्ही पाहावे. गावातल्या विहीरवाल्यांना सोबत घ्या असे आम्ही मुद्दाम म्हणतो. मुरुमाचा रांजण सगळ्यांचा एकच आहे. आज आपला हापसा आटला तर उद्या त्यांच्या मोटारी बंद पडतील. हे त्यांनाही कळते. कुणीतरी आधी बोलायला हवे असते.

आणि सगळे मोजून झाल्यावर असे दिसले की वस्तीचा एकमेव स्रोत त्या माळाच्याच पाण्यावर आहे, तर "नको" म्हणायला संकोच करू नये. टँकर हा पाण्याचा पर्याय नाही. तो आला तर येतो, नाही आला तर रिकामे हंडे रांगेत उभे राहतात.

मावशी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला जमले ते असे. हापशाला पाणी राहील की नाही, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. जो सांगतो त्याने मोजलेले नाही. येत्या पौर्णिमेला सकाळी हंडा हापशाखाली लावा, पोरीला शेजारी वही घेऊन बसवा, आणि हापसे मोजायला लागा. पुढच्या तपासणीला आम्ही येऊ तेव्हा बीपीच्या आधी ती वही पाहू.

जयभीम!